परदेशातली शाळा... आपल्या वळिवड्याची!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू होता. फळ्याशेजारी जगाचा नकाशा टांगला होता. एका मुलाने मध्येच हात वर केला.

"बाई, आमची आत्या सांगत हुती, काई मास्तर परदेशात जाऊन तितल्या पोरास्नी फुकट शिकवत्यात. तुमी न्हाई का गेला कुटं?"

वर्ग खदखदून हसला. मलाही हसू आले. मी म्हटले, "अरे बाळा, मी राधानगरी सोडून फार तर पुण्याला गेलेय! पण परदेशातली एक शाळा मला ठाऊक आहे. इथून एस.टी.ने कोल्हापूर गाठायचं आणि पुढं थोडं गेलं की आलीच."

"एस.टी.नं परदेशात?" पोरांचे डोळे विस्फारले.

बालमित्रांनो, तुम्हालाही खोटे वाटले ना? पण ही थाप नव्हे बरे का! आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेने निघालात तर याच नावाचे छोटे स्टेशन लागते. या गावाशेजारी १९४३ ते १९४८ या काळात एक शाळा भरत होती. एक कसली, चांगल्या बालवाडीपासून हायस्कुलापर्यंतच्या शाळा होत्या! मुले सोनेरी केसांची, बाई निळ्या डोळ्यांच्या, आणि फळ्यावरची भाषा पोलिश. आपल्यासाठी ते घराजवळचे गाव. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या बाईंसाठी मात्र तो परदेश होता. घरापासून हजारो किलोमीटर दूरचा!

ही मुले इथे आली कशी?

नकाशात युरोप शोधा. जर्मनीच्या पूर्वेला पोलंड दिसेल. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध पेटले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियाचे, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचे, सैन्य आत घुसले. दोन बाजूंनी दोन बलाढ्य देश, मध्ये पोलंड. जात्यात सापडलेल्या दाण्यासारखी गत झाली.

पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना सोव्हिएत सरकारने घराबाहेर काढले. १० फेब्रुवारी १९४० ची पहाट तिकडची जुनी माणसे कधीच विसरली नाहीत. कडाक्याची थंडी, दारावर सैनिकांची थाप आणि हुकूम : सामान बांधा, निघा! मालगाडीच्या डब्यांत कोंबून या लोकांना सैबेरियाच्या आणि उत्तरेकडच्या जंगलांत नेले. पुढच्या खेपांत कित्येकांना कझाकस्तानच्या माळरानावर सोडले. तिथे काम काय, तर झाडे तोडायची, शेतावर राबायचे. काम केले तर भाकरी. भुकेने, थंडीने, रोगाने कितीतरी माणसे गेली. मुलांची शाळा तर कुठल्या कुठे राहिली.

१९४१ साली जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि फासे उलटले. पोलिश लोकांना सोडण्याचे ठरले. त्यांचे सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये सैनिक, बायका, मुले मिळून एक लाखाहून अधिक माणसे सोव्हिएत संघातून बाहेर पडून इराणात पोचली. बाप, मोठे भाऊ सैन्यात गेले. राहिली कोण? आया, आज्या, आजोबा आणि पोरे. त्यांना ठेवायचे कुठे? युद्ध तर चालूच होते.

त्या वेळी आपल्या देशाने दार उघडले. गुजरातेतल्या नवानगरचे महाराज, जामसाहेब दिग्विजयसिंहजी, यांनी १९४२ साली बालाचडीला शेकडो मुलांची सोय केली. त्यातली पुष्कळ मुले अनाथ होती. आणि १९४३ साली कोल्हापूर संस्थानात वळिवड्याजवळ मोठी छावणी उभी राहिली. इराणातून बोटीने कराची, आणि कराचीहून इकडे, असा प्रवास करून सुमारे ५००० माणसे इथे आली. त्यातल्या कित्येक मुलांनी घर सोडल्याला तीन वर्षे उलटली होती!

चटईच्या भिंतींचे गाव

छावणी म्हणजे तंबूंचा पसारा असे समजू नका. ते एक पोलिश गावच होते. लांबच लांब बराकी, वर कौले, भिंती चटईच्या. एकेका बराकीत अनेक कुटुंबांच्या खोल्या, पुढे पडवी. बायकांनी दारापुढे फुलझाडे लावली. छावणीत चर्च होते, दवाखाना होता, दुकाने होती, नाटके होत होती. शेजारी पंचगंगा. मुले तिथे पोहायला जात. आजूबाजूच्या गावांतून भाजीवाले, दूधवाले येत. गंमत म्हणजे, या विक्रेत्यांनी बघता बघता कामापुरती पोलिश भाषा उचलली! पुस्तक नाही, शिकवणी नाही, तरी भाषा आली. का? तर गरज होती, आणि बोलायला माणूस समोर होता. भाषा शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

आता या गावातल्या एखाद्या बाईंचा दिवस कसा जात असेल, ते डोळ्यांसमोर आणू या.

पहाटे उठायचे. घरात पाणी आणायचे, चूल पेटवायची. लाकडाचा धूर आपल्या आयांच्या डोळ्यांत जातो तसाच त्यांच्याही जाणार! स्वतःच्या मुलांचे आवरायचे. मग धुवून घडी घातलेला एकुलता एक बरा झगा अंगावर चढवून शाळेची वाट धरायची. उन्हाळ्यात सकाळीच घामाच्या धारा. जिथे हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडतो, त्या देशातल्या माणसाला आपले एप्रिल-मे कसे वाटले असतील? आणि मग आपला पाऊस! जूनमध्ये कौलांवर सरी कोसळू लागल्या की वर्गात बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. हे मात्र मी अगदी खात्रीने सांगते, कारण राधानगरीचा पाऊस मी दरसाल अनुभवते. पाऊस वाढला की आम्ही शिकवणे थांबवतो आणि शुद्धलेखन घालतो. त्या बाईही तेच करत असतील, अशी माझी आपली समजूत आहे!

पुस्तके कमी, वये जास्त

त्या वर्गातली खरी अडचण पावसाची नव्हती. अडचण होती ती मुलांच्या वाया गेलेल्या वर्षांची.

विचार करा. एक मुलगी सात वर्षांची असताना तिला घरातून नेले. पहिलीची अक्षरे नुकतीच गिरवून झाली होती. मग दोन-अडीच वर्षे जंगलात. भूक, थंडी, आजार. मग इराण. मग बोट. वळिवड्याला आली तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची. तिला बसवायचे कितवीत? वयाने पाचवीत, पण वाचता येते दुसरीइतके. अशी एक नव्हे, वर्गभर मुले. शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुलांत तीन-तीन वर्षांचे अंतर. शिवाय काही मुलांची आई वाटेत गेलेली, काहींचा बाप कुठे आहे ते ठाऊक नाही. अशा मुलाला "गृहपाठ का नाही केलास?" असे कुठल्या तोंडाने विचारायचे?

आणि पुस्तके? जंगलातून येताना पाठीवर गाठोडे आणायची मारामार, तिथे पुस्तक कोण आणणार! सुरुवातीला सारी भिस्त बाईंच्या आठवणीवर. पाठ असलेल्या कविता फळ्यावर लिहायच्या, मुलांनी वहीत उतरवून घ्यायच्या. गणिताची उदाहरणे बाईंनीच तयार करायची. निर्वासित पोलिश मुलांसाठी जेरुसलेममध्ये क्रमिक पुस्तके छापली जाऊ लागली होती. असे एखादे पुस्तक हाती पडले की ते सोन्यासारखे जपायचे.

शिक्षकांची तर टंचाईच. युद्धापूर्वी शाळेत शिकवलेली माणसे होती, पण पाच हजार वस्तीच्या गावाला ती कशी पुरणार? मग ज्याला जे येते ते त्याने शिकवायचे. आम्हा डी.एड. झालेल्यांना मानसशास्त्र शिकवतात, पाठ टाचण काढायला लावतात. पण घर हरवलेल्या मुलाला बेरीज कशी शिकवायची, ते कुठल्याच पुस्तकात नसते. ते वर्गात उभे राहूनच शिकावे लागते.

शाळा सुटली तरी शिकणे सुटत नसे. छावणीत स्काउट-गाईडची पथके जोरात होती. गाठी मारणे, शेकोटी, गाणी, सहली, आजाऱ्यांची मदत, सगळे काही. या पथकांचे काम काही काळ जजिस्वाव पेशकोव्स्की नावाच्या तरुण सैनिकाने पाहिले. १९४० साली सोव्हिएत कैदेतल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांना ठार करण्यात आले होते. त्यातून वाचलेल्या मोजक्या माणसांपैकी हा एक. एवढे पाहून आलेला माणूस वळिवड्याच्या माळावर मुलांना शिट्टी वाजवून रांगेत उभे करत होता! पुढे तो धर्मगुरू झाला आणि २००७ साली वारला.

आणखी एक नाव लक्षात ठेवा : वांदा दिनोव्स्का. ही पोलिश विदुषी युद्धाच्या आधीपासून भारतात राहत होती. गांधीजींच्या विचारांनी भारावलेली. आपल्याकडे तिला उमादेवी म्हणत. तिने या पोलिश मुलांना आपलेसे केले, त्यांना भारताची ओळख करून दिली. पुढे तिबेटमधून निर्वासित मुले आपल्या देशात आली, तेव्हा ती त्यांच्याही मदतीला धावली. कुणी बोलावले नव्हते, कुणी नेमणूक दिली नव्हती. स्वयंसेवक शिक्षक म्हणतात तो हाच!

द्वा, त्शी, च्तेरी...

आता थोडी गंमत. पोलिश भाषा आपल्यापासून फार लांबची वाटते ना? मग हे आकडे मोठ्याने म्हणा. दोन म्हणजे "द्वा". तीन म्हणजे "त्शी". चार म्हणजे "च्तेरी". पाच म्हणजे "प्येंच". सहा म्हणजे "शेश्च".

काही ओळखीचे वाटले? संस्कृतातले द्वि, त्रि, चतुर्, पंच, षट् आठवा! भावाला पोलिशमध्ये "ब्रात" म्हणतात, आपण भ्राता म्हणतो. आईला "मात्का", आपण माता म्हणतो. पोलिश आणि मराठी या खूप पूर्वीच्या एकाच भाषाकुळातल्या लांबच्या चुलत बहिणी आहेत. व्याकरणातही बघा. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत. विभक्तींचा तक्ता पाठ करताना तुम्ही कुरकुरता ना? पोलंडची मुलेही कुरकुरतात. आणि आपल्या विभक्ती तर आठ, म्हणजे आपण एकाने पुढेच आहोत!

आमच्या वर्गात मी हे आकडे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळताना "द्वा, त्शी, च्तेरी" मोजत होत्या. वळिवड्याच्या भाजीवाल्यांचे काही नवल नाही म्हणायचे!

एवढा अट्टहास कशासाठी?

तुम्ही विचाराल, पोटाची ददात, घराचा पत्ता नाही, अशा वेळी शाळेचा एवढा अट्टहास कशाला? मुलांना दोन वर्षे खेळू द्यायचे. युद्ध संपले की घरी जाऊन शिकतील.

याचे उत्तर पोलंडच्या इतिहासात आहे. १७९५ साली शेजारच्या तीन राज्यांनी पोलंड वाटून घेतला. तेव्हापासून १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता! मग तो पुन्हा आला कुठून? तो जिवंत राहिला घराघरांत आणि लपून भरणाऱ्या वर्गांत. १९०१ साली व्झेश्न्या या गावात शाळेतल्या मुलांनी जर्मन भाषेत धर्माचे पाठ म्हणायला नकार दिला. मुलांना छड्या बसल्या, पण मुले हटली नाहीत.

मेरी क्यूरी तर तुम्हाला माहीतच आहे. रेडियम शोधणारी, दोनदा नोबेल मिळवणारी. ती मूळची पोलंडची, मारिया स्क्वोदोव्स्का. वयाच्या विशीत ती एका खेड्यात श्रीमंत घरच्या मुलांना शिकवायला राहिली होती. दिवसभराचे काम उरकले की ती तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवायची. तेही पोलिशमधून, चोरून! कारण तेव्हाच्या रशियन राजवटीत हे उघडकीला आले असते तर शिक्षा झाली असती. पगार नाही, कौतुक नाही, वर धोका.

दुसऱ्या महायुद्धातही पोलंडमध्ये जर्मनांनी वरच्या शाळा बंद केल्या, तेव्हा घरांच्या माजघरांत चोरून वर्ग भरत होते. तेव्हा वळिवड्याच्या बाईंना कुणी अट्टहासाचे कारण सांगावे लागले नसणार. शाळा टिकली तर देश टिकतो, हे त्यांच्या आजीपासून चालत आलेले शहाणपण होते.

आपल्या मातीलाही हे शहाणपण नवे नाही बरे का. याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे पाऊल उचलले होते. ज्या राजाने आमच्या राधानगरीचे धरण बांधायला घेतले, त्यानेच पोरे शाळेत घालायला लावली. पाणी आणि शाळा, दोन्ही अडवून साठवायच्या गोष्टी. वाहून गेल्या की हाती लागत नाहीत.

भूगोलाचा सर्वांत अवघड तास

आता सांगते ती गोष्ट वाचून माझ्याच पोटात कालवले होते.

छावणीतल्या मुलांचे बाप इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये पोलिश सैन्याने मोंते कासिनोचा डोंगर सर केला. तिथेच इटलीत आपले मराठा पलटणीचे जवानही लढत होते. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये तिथेच वीरमरण आले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे बघा, वळिवड्याच्या चटईच्या खोलीत आणि आपल्या खेड्यांतल्या कौलारू घरांत बायका एकाच रणांगणावरच्या पत्राची वाट बघत होत्या!

१९४५ साली युद्ध संपले. जर्मनी हरला. मुलांना वाटले, चला, आता घरी! पण मोठ्या देशांच्या पुढाऱ्यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बसून पोलंडची सीमाच सरकवली. पूर्वेकडचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. छावणीतल्या बहुतेकांची घरे नेमकी त्याच भागात होती. घर होते तिथेच होते, पण ते आता पोलंडमध्ये नव्हते! त्यातले ल्वुफ शहर आज युक्रेनमध्ये आहे, तर विल्नो शहर लिथुएनियाची राजधानी आहे.

अशा वेळी भूगोलाच्या बाईंनी काय करायचे? काल याच फळ्यावर त्यांनी पोलंडचा नकाशा काढला होता. आज मुलाने विचारले, "बाई, माझं गाव कुठे दाखवू?" तर बोट कुठे ठेवायचे?

त्यांनी काय उत्तर दिले ते मला ठाऊक नाही. पण शाळा बंद पडली नाही, एवढे ठाऊक आहे. उलट १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथली मुलेही वळिवड्याला आली. तास चालूच राहिले. पोलिश, गणित, इतिहास, आणि पुढे लागणारे इंग्रजी. कारण मुले जाणार कुठे, हे कुणालाच माहीत नसले तरी ती जिथे जातील तिथे त्यांच्याबरोबर काय जाणार, हे बाईंना पक्के माहीत होते. घर काढून घेता येते, जमीन काढून घेता येते. आलेले वाचन कुणाला काढून घेता येत नाही!

१९४८ पर्यंत सारी पोलिश माणसे छावणी सोडून गेली. कुणी इंग्लंडला, कुणी आफ्रिकेत, कुणी ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला, काही पोलंडला परत. एक मुलगी मात्र कोल्हापूरकराशी लग्न करून इथलीच झाली. काही माणसे आपल्या मातीत कायमची विसावली. त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत.

आणि रिकाम्या बराकी? त्या फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे तिथे राहायला आली. पुन्हा नवी भाषा, पुन्हा घर हरवलेली मुले! त्यांनी वसवलेले गाव म्हणजे आजचे गांधीनगर. दिवाळीच्या कपड्यांसाठी तुमचे आईबाबा जिथे खरेदीला जातात तेच हे गांधीनगर. कापडाचे गठ्ठे बघताना एकदा आठवा, या मातीवर दोन देशांतली पोरे नव्याने धुळाक्षरे शिकली आहेत.

पोलंड हे विसरलेला नाही. मोठी झालेली, म्हातारी झालेली ती मुले पुढे वळिवडे बघायला येत राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्याला स्मृतिस्तंभ उभा राहिला, तेव्हा पोलंडहून पाहुणे आले होते. पोलंडची राजधानी वॉर्सा इथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन फुले वाहिली. आपल्या कोल्हापूरचे नाव, तेही वॉर्सामध्ये! ऊर भरून येतो की नाही?

आमच्या वर्गातली पाहुणी

ही सारी गोष्ट सांगून झाली तेव्हा घंटा झाली. पण मला ही गोष्ट त्या दिवशी सांगावीशी का वाटली, ते अजून सांगायचे राहिलेच.

आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून, लांबलांबून. शेताच्या कडेला कोप्या पडतात. त्या वर्षी त्यातलीच एक मुलगी आमच्या वर्गात येऊन बसू लागली होती. धाकट्या भावाला कडेवर घेऊनच यायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाई, लेकरू रडतंय, घेऊन जाऊ का?" आमची पोरे फिदीफिदी हसली. आमच्याकडे "पोरगं" म्हणतात ना! ती जी गप्प झाली ती आठ दिवस बोललीच नाही.

कुणीतरी मला म्हणालेही, "बाई, कशाला जीव टाकताय? मार्चात कारखाना बंद झाला की ती जाणार. तुमच्या शिकवण्याचा काय उपयोग?"

खरे सांगते, माझ्याही मनात ते आले होते. चार महिन्यांसाठी काय शिकवायचे? पण वळिवड्याच्या बाईंना तरी कुठे ठाऊक होते, आपली मुले किती दिवस समोर बसणार आहेत ते? मुक्काम किती दिवसांचा, हे त्यांनी मोजले नाही. समोर बसले आहे ना, मग शिकवायचे!

त्या दिवशी घंटा झाल्यावर पोरे बाहेर पळाली. ज्याने परदेशाचा प्रश्न विचारला होता तो मुलगा दारातून परत आला. त्या मुलीजवळ जाऊन म्हणाला, "तुमच्याकडं भाकरीला काय म्हंत्यात गं?"

ती हळूच म्हणाली, "भाकरच म्हणत्यात की!"

आणि दोघेही हसायला लागले. दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या भिंतीवर एक कागद लागला. एका बाजूला "आपला शब्द", दुसऱ्या बाजूला "तिच्या गावचा शब्द". पहिल्याच ओळीत होते, पोरगं आणि लेकरू. मार्चमध्ये ती निघाली तेव्हा कागद पुरत नव्हता, आणि तिसरीचे पुस्तक ती अडखळत का होईना, वाचू लागली होती. ते पुस्तक मी तिलाच देऊन टाकले.

मुलांनो, तुमच्या शाळेतही असे कुणी नवे आले असेल. टोळीबरोबर, धरणाच्या नाहीतर रस्त्याच्या कामावर, नाहीतर बदलीवर आलेल्या आईबाबांबरोबर. त्याचे शब्द वेगळे असतील. हसण्याआधी ते विचारून घ्या, वहीत लिहून ठेवा. आणि पालकांनो, कोल्हापूरला गेलात तर गांधीनगरच्या खरेदीतून अर्धा तास काढा आणि मुलांना वळिवड्याचा स्मृतिस्तंभ दाखवून आणा.

आमचा वर्ग तर जाणारच आहे. एस.टी.ने, परदेशातली शाळा बघायला!